१९३७ची गिटार आज बनवायची, तर नक्की कॉपी काय करायचं?

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर गिटारचे व्हिडिओ बघत असाल तर एक प्रकार तुमच्याही नजरेला पडला असेल. गिटार या वर्षी बनलेली, पण दिसते आजोबांच्या वयाची. पॉलिशला बारीक भेगा, साउंडहोलखाली नखांनी घासून उघडं पडलेलं लाकूड, काळपट पडलेल्या चाव्या. किंमत काही हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडे एक दणकट बाइक, कधीकधी छोटी कार. कमेंटमध्ये एक गट म्हणतो, "पैसे जास्त झालेत लोकांना." दुसरा म्हणतो, "हा आवाज दुसऱ्या कशात नाही."

या वादात मला रस आहे तो दोन कारणांनी. मी गिटार वाजवतो (बरी वाजवतो, एवढंच). आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. जुनी सिस्टीम, जिचं डॉक्युमेंटेशन नाही, जिचा कोड लिहिणारे केव्हाच निघून गेले, ती जशीच्या तशी परत उभी करा, असं काम आमच्याकडेही येतं. तेव्हा पहिला प्रश्न असतो तो हाच: यातलं खरंच कामाचं काय आणि नुसतं योगायोगाने तिथे पडलेलं काय? आज अमेरिकेत हाताने बनणाऱ्या 'व्हिंटेज कॉपी' गिटारींचा सगळा बाजार याच प्रश्नावर उभा आहे. फक्त जाहिरातीत तो प्रश्न दिसत नाही. तिथे दिसतात ओरखडे आणि दुर्मीळ लाकडाचं नाव.

कॉपी कोणाची होतेय?

मुख्यतः मार्टिन कंपनीची. १८३३ साली सुरू झालेली ही कंपनी आजही पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात गिटार बनवते. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जी मोठ्या पोटाची गिटार दिसते ना, तो 'ड्रेडनॉट' आकार मार्टिनचा. ब्रिटिश युद्धनौकेवरून नाव पडलं. १९१६ साली डिटसन नावाच्या विक्रेत्यासाठी तो पहिल्यांदा बनवला, १९३१ पासून मार्टिनने स्वतःच्या नावाने विकायला घेतला आणि १९३४ मध्ये त्याला आज आपण बघतो तसा चौदा फ्रेटवर जोडलेला नेक आला. डी-१८ आणि डी-२८ ही मॉडेल्स तेव्हाची.

१९३४ ते १९४४ ही साधारण दहा वर्षं संग्राहकांच्या लेखी सोन्याची. दुसऱ्या महायुद्धाआधीची म्हणून 'प्री-वॉर' हा शब्द रूढ झाला. संख्या कमी, कारण मंदीचा काळ होता. सगळ्यात नटवलेलं मॉडेल डी-४५, त्याच्या १९३३ ते १९४२ या काळात फक्त ९१ गिटारी बनल्या. पहिली जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नटासाठी. आज त्यातली एखादी विकायला आली तर किंमत लाखो डॉलरमध्ये बोलली जाते. साध्या डी-२८लाही, ती त्या काळातली आणि धड असेल तर, वाजवून पोट भरणारा माणूस हात लावू शकत नाही.

मागणी आहे, माल वाढणं शक्य नाही. मग कॉपी येणारच. मार्टिनने स्वतःच 'ऑथेंटिक' नावाची मालिका काढली, ज्यात १९३७ची डी-२८, १९३९ची डी-१८ अशी वर्ष सांगून गिटार मिळते. गिब्सनने जुनाट दिसणाऱ्या गिटारींसाठी 'मर्फी लॅब' काढली. नॉर्थ कॅरोलायनात 'प्री-वॉर गिटार्स' नावाचीच कंपनी आहे. टेक्सासची कॉलिंग्ज, कॅलिफोर्नियाची सँटा क्रूझ, मेन राज्यातली बुर्ज्वा, हे सगळे छोटे किंवा मध्यम कारखाने याच रस्त्यावरचे.

मजा म्हणजे यात फारशी कोर्टबाजी नाही. ड्रेडनॉट आकार किंवा आतल्या पट्ट्यांची एक्स आकाराची मांडणी आज कोणाच्याही मालकीची नाही. मार्टिन ती मांडणी १८४०च्या दशकापासून वापरत आली आणि आता जग वापरतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड उघडा आहे. नाव आणि लोगो तेवढा कॉपी करायचा नाही.

वॉरंटीने केलेला घोळ

आता मूळ मुद्दा. युद्धाआधीच्या गिटारीत असं होतं तरी काय?

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की गिटारवर साधारण ७० किलोच्या आसपास ताण येतो. हा ताण पेलणारा वरचा पत्रा, म्हणजे टॉप, असतो तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ. तो वाकू नये म्हणून आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतात. त्यांना ब्रेसिंग म्हणतात. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार मजबूत, पण टॉप मोकळेपणी हलत नाही आणि आवाज दबतो. पातळ ठेवल्या तर आवाज खुलतो, पण टॉपला पोट सुटतं, ब्रिज उचकटतो. गिटार बनवणं म्हणजे या दोन टोकांमध्ये जागा शोधणं.

जुन्या मार्टिनमध्ये या पट्ट्या मध्ये-मध्ये कोरून काढलेल्या असत, दोन टेकड्यांमधल्या दरीसारख्या. यालाच 'स्कॅलप्ड' ब्रेसिंग म्हणतात. पण त्या काळात मायक्रोफोन सगळीकडे नव्हते. बँजो आणि फिडलच्या गर्दीत आपली गिटार ऐकू जावी म्हणून वाजवणारे जाड तारा लावायचे. ताण वाढायचा आणि गिटारी दुरुस्तीला परत यायच्या. शेवटी १९४४च्या अखेरीस मार्टिनने पट्ट्या कोरणं थांबवलं.

निर्णय चुकीचा होता का? मी तरी म्हणणार नाही. तक्रारी येत होत्या, त्यांनी प्रॉब्लेम बंद केला. पण तो बंद करताना जी गोष्ट कुठे लिहून ठेवलेली नव्हती, तो खुला दमदार आवाज, तीही गेली. सॉफ्टवेअरमध्ये याला रिग्रेशन म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती कोणीतरी अगदी योग्य कारणासाठी केलेल्या दुरुस्तीतूनच येते. मार्टिनने कोरलेल्या पट्ट्या नेहमीच्या उत्पादनात परत आणल्या त्या १९७६ साली, एचडी-२८ या मॉडेलमध्ये. बत्तीस वर्षांनी.

त्याच सुमारास बाकीच्या गोष्टीही बदलत गेल्या. टॉपसाठी वापरलं जाणारं पूर्व अमेरिकेतलं लाल स्प्रूस, ज्याला गिटारवाले 'अॅडिरॉन्डॅक' म्हणतात, ते बेसुमार तोडीमुळे संपत आलं. युद्धानंतर मार्टिन अलास्काकडच्या सिट्का स्प्रूसवर आली. मागच्या आणि बाजूच्या फळ्यांसाठीचं ब्राझिलियन रोझवुड १९६९-७०च्या सुमारास नेहमीच्या मॉडेल्समधून गेलं आणि त्याच्या जागी आलं भारतीय रोझवुड. म्हणजे आपला शिसव. त्याच्याकडे नंतर येतो.

म्हणजे 'व्हिंटेज आवाज' हे एकच रहस्य नाही. त्यात डिझाइन आहे, लाकूड आहे, सरस आहे, पॉलिश आहे आणि वर ऐंशी-नव्वद वर्षं वाजवलं जाणं आहे. शिवाय एक गोष्ट लोक विसरतात. ज्या गिटारी तेव्हाच फुटल्या किंवा वाईट वाजायच्या म्हणून माळ्यावर गेल्या, त्या आज तुलनेला हजरच नाहीत. उरल्या त्या मुळात चांगल्या होत्या, म्हणून लोकांनी जपल्या.

काळ भट्टीत घालता येतो का?

थोडाफार येतो. टॉपचं लाकूड जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. याला टॉरिफिकेशन म्हणतात. असं लाकूड भाजण्याचं तंत्र फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर विकसित झालं ते संगीतासाठी नव्हे, तर घराबाहेरच्या लाकडी फळ्या कुजू नयेत म्हणून. लाकडातला हेमिसेल्युलोज हा भाग उष्णतेने मोडतो. तोच हवेतलं पाणी जास्त शोषतो. तो कमी झाला की लाकूड हलकं होतं, दमटपणाला कमी दाद देतं आणि वजनाच्या मानाने कडक राहतं. जुन्या लाकडात सावकाश होणाऱ्या बदलांसारखंच काहीसं, पण काही तासांत. मार्टिनने २०१५ मध्ये आपलं 'व्हिंटेज टोन सिस्टीम' याच तत्त्वावर आणलं. यामाहाचं 'ए.आर.ई.' हे त्याच जातीचं तंत्र. तोटाही आहे: भाजलेलं लाकूड ठिसूळ होतं, चिरण्याची भीती वाढते.

दुसरी गोष्ट सरस. जनावरांच्या कातड्यापासून उकळून काढलेला, कोमट करून लावायचा तोच सरस, जो फेविकॉल येण्याआधी आपले सुतार वापरायचे. जुन्या मार्टिन त्यानेच जोडलेल्या आहेत. तो थंड झाला की लगेच थिजतो, हातात मिनिटभर वेळ मिळतो. म्हणून लाकूडही तापवून घ्यावं लागतं आणि सगळं झपाट्याने बसवावं लागतं. आधुनिक गोंद लावून क्लॅम्प मारून चहाला जाता येतं, इथे येत नाही. फायदा असा की सरस काचेसारखा कडक वाळतो आणि उद्या दुरुस्ती करायची झाली तर वाफ देऊन जोड सुटतो. आवाजात किती फरक पडतो यावर वाद आहे. मला विचाराल तर दुरुस्त होऊ शकणं हाच त्याचा मोठा गुण. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या आपल्याला, ऐंशी वर्षांनी उघडून परत जोडता येणारी वस्तू कशी असते हे बघायलाही बरं वाटतं.

नकाशा तोच, गिटार वेगळी

इथपर्यंत वाचून वाटेल की मग सोपं आहे. जुन्या गिटारीचं माप घ्या, आत आरसा आणि कॅमेरा घाला, पट्ट्यांची उंची मोजा, तसंच लाकूड कंप्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला द्या. झालं. व्हायोलिनच्या बाबतीत तर याहून पुढे गेलेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या 'बेट्स' या १७०४च्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनचं सीटी स्कॅन करून त्यावरून मशीनवर भाग कापून प्रतिकृती बनवली गेली आहे.

पण गिटारच्या कॉपीत गोम आहे ती लाकडात. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचाही कडकपणा सारखा नसतो. आणि फळीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. समजा टॉप २.८ मिलिमीटरऐवजी २.५ केला. फरक ०.३ मिलिमीटर, तीनेक पोस्टकार्डही नाहीत. पण कडकपणा जवळपास २९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे १९३७च्या गिटारीचं माप तंतोतंत उचललं, पण आजची फळी मूळ फळीपेक्षा नरम किंवा कडक निघाली, तर नकाशा शंभर टक्के बरोबर आणि गिटार मात्र चूक. इनपुट बदललं की जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी चालत नाहीत, हे कोणत्याही सॉफ्टवेअरवाल्याला कळेल.

म्हणून 'हँडमेड' शब्दाचा माझ्या मते एकच खरा अर्थ आहे. कारागीर प्रत्येक फळी वाकवून बघतो, टिचकी मारून ऐकतो, थोडी तासतो, परत ऐकतो. काही जण वजन ठेवून फळी किती वाकते ते मिलिमीटरमध्ये मोजतात, टिचकीची फ्रीक्वेन्सी कंप्युटरवर बघतात. हात असो की सेन्सर, मधे मोजमाप आणि दुरुस्तीचा फेरा आहे की नाही, एवढाच प्रश्न. नेक मशीनवर कापला म्हणून काही बिघडत नाही. उलट टॉप सगळ्यांना सरसकट एकाच जाडीचा ठेवला आणि पॉलिश तेवढं हाताने केलं, तरी पाटी 'हँडमेड'च लागते.

याचा एक चांगला पुरावा बाजारातच आहे. बुर्ज्वा कंपनीने 'टचस्टोन' नावाची कमी किमतीची मालिका काढली, चीनच्या ईस्टमन कंपनीबरोबर. खर्च वाचवायला त्यांनी गिटारीचं बहुतेक काम चीनला पाठवलं. पण टॉप आणि त्याच्या पट्ट्या? त्या मेनमध्ये, स्वतःच्या कारखान्यात तयार होतात आणि मग तिकडे जातात. कंपनीला पैसे वाचवायची वेळ आली तेव्हा तिने काय हातचं सोडलं नाही, ते बघा. जाहिरातीच्या मजकुरापेक्षा मला तेच जास्त बोलकं वाटतं.

आणि उलटं उदाहरणही आहे. ब्लूग्रास संगीतातली सगळ्यात गाजलेली गिटार म्हणजे १९३५ची एक डी-२८. आधी क्लॅरेन्स व्हाइटकडे होती, १९७५ मध्ये टोनी राइसने ती ५५० डॉलरला घेतली. तिचं साउंडहोल झिजून, कापलं जाऊन मूळ मापापेक्षा मोठं झालेलं होतं. म्हणजे कंपनीच्या नजरेने ती बिघडलेली गिटार. पण भोक मोठं झालं की आतल्या हवेची घुमण्याची फ्रीक्वेन्सी वर सरकते, ढब्ब खर्ज कमी होतो आणि एकेक सूर वेगळा ऐकू येतो. झपझप सोलो वाजवणाऱ्याला तेच हवं. सँटा क्रूझने टोनी राइसच्या नावाची गिटार काढली ती मोठ्या साउंडहोलची, मार्टिननेही क्लॅरेन्स व्हाइटच्या नावाच्या मॉडेलमध्ये ते घेतलं. इथे अपघात कॉपी केला, पण तो आवाजाला लागू होता म्हणून. चाव्यांवरचा गंज कॉपी करण्यात आणि यात तोच फरक.

शिसव 'सेकंड चॉइस' का?

प्रतिकृतींच्या किमतीत सगळ्यात मोठी उडी कुठे बसते? ब्राझिलियन रोझवुड म्हटलं की. १९९२ पासून हे झाड साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ ज्या परिशिष्टात आहे त्यात. त्यामुळे बंदीआधी तोडलेलं, कागदपत्रं असलेलं लाकूडच कायदेशीर विकता येतं. असा साठा कमी, बराचसा जुन्या बुंध्यांमधून काढलेला. मूळ गिटारीतल्या सरळ रेषांच्या लाकडासारखा तो असेलच असं नाही. तरी त्यासाठी हजारो डॉलर जास्त मोजले जातात, आणि भारतीय रोझवुडची गिटार त्याच कॅटलॉगमध्ये खालच्या रांगेत बसते.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. फाइल्ड गिटार्सच्या रॉजर बकनॉल यांनी एकाच डिझाइनच्या सहा गिटारी बनवल्या. टॉप सगळ्यांना सारखंच स्प्रूस, मागच्या-बाजूच्या फळ्या मात्र वेगवेगळ्या: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ गिटारवादकांनी डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. आवाजाला दिलेल्या गुणांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. ब्राझिलियन अव्वल ठरलं नाही. व्हायोलिनमध्येही असंच घडलं होतं: २०१२ साली पॅरिसमध्ये दहा नामवंत सोलो वादकांनी जुन्या इटालियन आणि नव्या व्हायोलिनींतून न बघता निवड केली, तेव्हा दहातल्या सहा जणांनी नवं वाद्य उचललं.

एका प्रयोगाने सगळं सिद्ध होत नाही हे खरं. पण आवाजाचा मोठा हिस्सा टॉप आणि त्याच्या पट्ट्यांत आहे, असं गिटार बनवणारे स्वतःच म्हणत आलेत. मग मागच्या फळीच्या नावावर दुप्पट किंमत कशासाठी? माझं उत्तर स्पष्ट आहे: ती किंमत दुर्मीळपणाची आहे, आवाजाची नाही. विकत घेणाऱ्याला दुर्मीळ वस्तूच हवी असेल तर हरकत नाही. आवाजाच्या नावाने विकू नका.

आणि आपला शिसव काही वारेमाप उपलब्ध नाही. आजोळच्या शिसवी कपाटाचं, शिसवी देव्हाऱ्याचं लाकूड तेच. पश्चिम घाटाच्या पट्ट्यातलं झाड.  जानेवारी २०१७ मध्ये साइट्सने रोझवुडची अख्खी जातकुळीच दुसऱ्या परिशिष्टात टाकली. एकेका गिटारीला परमिट लागायला लागलं, कारखाने हैराण झाले. शेवटी नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियनला मात्र नाही.

भारतीय लाकडावरून अमेरिकेत केवढं रामायण होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०११ मधली गिब्सनच्या कारखान्यांवरची धाड. लेसी कायदा सांगतो की ज्या देशातून लाकूड आलं त्या देशाचा कायदा मोडलेला नसावा. भारताचा कायदा कापलेलं कच्चं लाकूड बाहेर जाऊ देत नाही, तयार भाग जाऊ देतो. मग फिंगरबोर्डची अर्धवट तयार पट्टी नक्की काय धरायची? सगळा वाद यावर. २०१२ मध्ये तडजोड झाली, गिब्सनने ३ लाख डॉलरचा दंड भरला, पण तो मादागास्करच्या एबनीसाठी. भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं आणि त्यातून त्यांनी चक्क 'गव्हर्नमेंट सिरीज' नावाच्या गिटारी काढून विकल्या!

तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच: न्यू जर्सीतला दादा येताना सेकंडहँड गिटार आणणार असेल तर मागचं लाकूड कोणतं ते आधी विचारा. भारतीय रोझवुड किंवा महोगनी असेल तर या बाबतीत चिंता नाही. ब्राझिलियन असेल तर साइट्सच्या कागदांशिवाय सीमा ओलांडू नये. २०२२च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या तरतुदी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच आल्या आहेत.

फोनवर ऐकून ठरवू नका

'१९३७ची खरी विरुद्ध नवी कॉपी' असे व्हिडिओ भरपूर आहेत. मी पण बघतो. पण गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, आणि फोनचा छोटा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ गप्प असतो. खर्ज तुमचा मेंदू अंदाजाने भरतो. म्हणजे ज्या खर्जासाठी ही सगळी धडपड चालली आहे तोच तुम्ही ऐकत नसता. निदान चांगले वायरचे हेडफोन लावा. आणि दोन्ही गिटारींना नव्या तारा आहेत का ते बघा, कारण जुन्या आणि नव्या तारांतला फरक बऱ्याचदा दोन गिटारींतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

दुकानात मात्र फोन कामाला येतो. स्पेक्ट्रॉइडसारखं फुकटचं स्पेक्ट्रम अॅप उघडा, हाताने तारा दाबून धरा आणि ब्रिजजवळ बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. ड्रेडनॉटमध्ये एक शिखर १०० हर्ट्झच्या आसपास दिसेल, ते आतल्या हवेचं. दुसरं २००च्या आसपास, ते टॉपचं. प्लायवुडच्या जाड टॉपमध्ये दुसरं शिखर सहसा वर सरकलेलं आणि बुटकं असतं. यावरून गिटारला मार्क देता येत नाहीत, पण शेजारच्या दोन गिटारींत कोणती जास्त मोकळी आहे याचा अंदाज येतो. साउंडहोलमधून टॉर्च आणि लहान आरसा घालून पट्ट्याही बघा. कोरलेल्या आहेत की सरळ, ते लगेच दिसतं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

आणि इथे एक गंमत. ज्या कोरलेल्या पट्ट्यांसाठी बत्तीस वर्षं थांबावं लागलं, त्या आज यामाहाच्या एफजी८०० मध्ये मिळतात, सॉलिड स्प्रूस टॉपसकट, साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात. ती डी-२८ नाही. तिचा टॉप कोणी तासनतास ऐकत बसलेलं नाही. पण डिझाइनमधला मुख्य धडा त्यात उतरलेला आहे. याउलट त्याच किमतीत 'व्हिंटेज सनबर्स्ट' पॉलिश मारलेली, आत सरळ जाड पट्ट्या आणि प्लायवुडचा टॉप असलेली गिटारही ऑनलाइन विकली जाते. नावात 'व्हिंटेज' दुसरीच्या आहे.

नकली ओरखड्यांबद्दल माझं मत कडक नाही. फाटकी जीन्स विकतो तसंच ते, आवडलं तर घ्या. मात्र लेबल आणि सीरियल नंबर आजचा असायला हवा. तो खोडून किंवा बदलून कॉपी 'ओरिजिनल' म्हणून विकली तर ती प्रतिकृती राहत नाही, फसवणूक होते. मार्टिनचा नंबर आतल्या बाजूला, नेक जिथे पोटाला जोडतो तिथल्या लाकडावर ठोकलेला असतो आणि कोणत्या वर्षी कोणता नंबर याची यादी कंपनी स्वतः देते. सेकंडहँड घेताना हे दोन मिनिटांचं काम आधी करा.

महागडी प्रतिकृती खरंच घेणार असाल, किंवा कोणी आणून देणार असेल, तर आपल्या हवेचा विचार करावा लागेल. या गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बनतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ती ८५-९०च्या वर जाते. इतक्या हलक्या बांधणीचा टॉप अशा हवेत फुगतो, तारा फ्रेटवरून वर उचलल्या जातात, आणि दमट उकाड्यात सरसाचे जोड नरम पडतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ती कधीच ठेवू नका. हार्ड केस, आत सिलिका जेलची पाकिटं आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता मीटर, एवढं लागतंच. आणि मुंबईत राहत असाल तर भाजलेल्या टॉपचीच गिटार मागा. 'नव्वद वर्षं जुना आवाज' या जाहिरातीसाठी नाही, पावसाळ्यासाठी.